खणाच्या कोपऱ्यातली शेपटी : बेळगाव भागातील डव्हटेल सांध्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडील एखाद्या जुन्या घरात सागवानी कपाटाचा खण पूर्ण बाहेर ओढून त्याची बाजू उजेडाकडे धरली, तर बाजूच्या फळीचे टोक सरळ न संपता तीन-चार पसरत्या जिभांसारखे पुढच्या फळीत घुसलेले दिसते. त्या जिभांच्या मुळाशी एक बारीक आडवी रेघ कोरलेली असते. खणाच्या आत बोट घालून कोपरा चाचपला, तर कधी करवत रेघेच्या थोडी पलीकडे गेल्याचे ओरखडेही लागतात. ती रेघ आणि ते ओरखडे म्हणजे हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्याची सहीच असते. आज हा सांधा शिकू पाहणाऱ्याने पटाशी उचलण्यापूर्वी तो या भागात कोणत्या वाटेने आला हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण गावगाड्यातील सुतारकीतून त्याचा उगम सांगता येत नाही.

गावगाड्यातील सुताराकडे नांगर, कुळव, कुरी, बैलगाडीची चाके आणि घराचे खांब-तुळया ही कामे असत, आणि त्यांचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. या सगळ्या कामांचा मूळ सांधा म्हणजे कुसू. एका लाकडाचे टोक तासून दुसऱ्याच्या भोकात बसवायचे आणि पाचर ठोकायची. जाड लाकूड जाड लाकडाला भिडते तिथे याहून चांगला उपाय नाही. डव्हटेलची गरज दोन रुंद, पातळ फळ्या कोपऱ्यात काटकोनात जोडताना पडते, म्हणजेच पेटी, पेटारा किंवा खण करताना. खण ओढला की सगळा ताण पुढच्या फळीवर येतो. बाजूच्या फळीची शेपटी, म्हणजे ती पसरती जीभ, टोकाकडे रुंद असल्याने ती त्या दिशेने सुटूच शकत नाही. शिवाय दोन्ही फळ्यांचे रेषे कोपऱ्याभोवती सलग वळत असल्यामुळे आषाढात लाकूड फुगते तेव्हा दोन्ही फळ्या सारख्याच फुगतात आणि सांधा फाटत नाही. पावसाळ्यात खण अडकतो तो त्याची उंची वाढल्यामुळे, त्याचा दोष सांध्याला देऊ नये.

हा सांधा अतिप्राचीन आहे. इजिप्तमध्ये पहिल्या राजघराण्याच्या काळातील, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतील लाकडी सामानात तो आढळला आहे. इंग्रजीत त्याला पारव्याची शेपटी म्हणतात, तर फ्रेंच आणि जर्मन भाषांना त्यात पाकोळीची शेपटी दिसली. पिसे पसरून उतरणारा पारवा पाहिला, तर इंग्रजी नाव अधिक नेमके वाटते, असे माझे मत. युरोपात हा सांधा कोणी करावा यावरूनही तंटे झाले. 1632 मध्ये लंडनच्या नगरपालिकेने सुतारांच्या दोन संघांत कामे वाटून दिली, तेव्हा डव्हटेलचे आणि सरसाने चिकटवलेले काम घरबांधणीच्या सुतारांकडे न ठेवता जॉइनर, म्हणजे सांधेकाम करणाऱ्या, मंडळींच्या वाट्याला दिले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फळीवर शोभेच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हेनिअर, चिकटवण्याची चाल रूढ झाली. आडव्या कापलेल्या रेषांच्या टोकांवर व्हेनिअर नीट धरत नसे, म्हणून समोरून न दिसणारी झाकलेली डव्हटेल प्रचारात आली, आणि वर वर्णन केलेल्या खणांत तीच असते. 1867 मध्ये अमेरिकेत चार्ल्स नॅप याने सांधे कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, पण त्याच्या यंत्राचा सांधा चंद्रकोर-आणि-खुंटीच्या आकाराचा होता.

या भागाच्या दोन बाजूंना युरोपीय सामानाची दोन जुनी केंद्रे होती. घाटाखाली गोव्यात सतराव्या शतकात अनेक खणांच्या, जडावाच्या कपाटिका पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी बनत होत्या. घाटावर 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे कॅम्प वसला. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे सामान उंटा-बैलांवरून नेता येईल असे, पितळी कोपऱ्यांचे आणि खणांचे असे. हे सामान दुरुस्तीला आले की उघडावे लागे, आणि उघडलेला सांधा हा चांगल्या कारागिराला पुरेसा गुरू असतो. अडचण बैठकीची होती. आपला सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरून काम करी, तर डव्हटेलसाठी फळी उभी घट्ट धरून वरून करवत चालवावी लागते. म्हणून या सांध्याबरोबर टेबल आणि व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरणारा शिकंजा, यांनाही कामाच्या जागेत शिरावे लागले.

मराठीत हार्मोनियमला पेटीच म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे. चांगल्या हार्मोनियमचे कोपरे डव्हटेलनेच बांधलेले असतात, कारण भात्याच्या सततच्या हालचालीत खिळ्यांचा कोपरा सैल पडून हवा गळू लागते. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे हार्मोनियमवादक ज्या बेळगावात घडले आणि ज्यांनी तिथे पिढ्या शिकवल्या, तिथे पेटी दुरुस्त करणाऱ्याला हा कोपरा ओळखीचा असणारच.

शाळेसारखे शिक्षण पुढे आले. 1950 मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयच्या सुतार ट्रेडमध्ये डव्हटेल हा नेमून दिलेला धडा झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरात सुतार, कानडी शेजाऱ्यांकडे बडिगेर आणि कार्यशाळेत कार्पेंटर अशी तीन नावे एकाच माणसाला लागण्याच्या या मुलखात सांध्याचे नाव मात्र एकच राहिले, ते म्हणजे डव्हटेल. त्याला मराठी वा कानडी प्रतिशब्द रुजला नाही याचे फारसे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. नवशिक्याचे अडते ते दुसरीकडेच. मऊ लाकडाला सहास एक आणि सागवानासारख्याला आठास एक असा उतार ठेवायचा, हे पाच मिनिटांत कळते. मात्र रेघेच्या कोणत्या अंगाला करवत चालवायची हे हाताला कळायला आठवडे लागतात. रेघ राखून टाकाऊ बाजूने कापायचे असते, म्हणून टाकाऊ भागावर आधीच पेन्सिलीने फुली मारतात. पहिल्या फळीची शेपटी दुसरीवर ठेवूनच तिच्या खाचा आखायच्या असतात, वेगळे मोजमाप घ्यायचे नसते.

खानापूर आणि लोंढ्याच्या जंगलातील सागवान जवळ असूनही हे काम मागे पडत गेले. 1959 मध्ये फेव्हिकॉल आले आणि शिजवायच्या सरसाची गरज संपली. मग प्लायवूड आले, ज्याच्या थरांत शेपटी कोरली की कडा उडतात. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनक्षेत्रातील आरागिरण्यांसह विनापरवाना चालणारी कामे थांबवण्याचा आदेश दिला, आणि नव्या सागवानाचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. शिकणाऱ्याला आता पाडलेल्या घरांचे वासे आणि फळ्या वखारीत शोधणे परवडते. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले ते लाकूड वाकत नाही, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून सांधा आखण्याआधी लोहचुंबक फिरवून ते काढावे लागतात, नाहीतर पहिल्याच ठोक्याला पटाशीची धार जाते.