स्केल मॉडेलमधील प्रकाशयोजना

स्केल मॉडेलमधील प्रकाशयोजना : विमान, जहाज, मोटार, आगगाडी किंवा इमारत यांच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृतीत विजेचे दिवे बसवणे आणि ते खऱ्या वस्तूतल्यासारखे लागतील, लुकलुकतील, मंदावतील अशी इलेक्ट्रॉनिक जोडणी करणे. हौशी मॉडेलकारांच्या छंदाची ही एक स्वतंत्र शाखा मानता येते. पंखा फिरवणारी छोटी मोटर, इंजिनाचा आवाज काढणारा स्पीकर यांचीही भर तिच्यात पडली आहे. तरी तिचा गाभा उजेडाचाच आहे.

दिवा पेटवणे हा या कामाचा सोपा भाग. नको तिथला उजेड अडवणे आणि हवा तिथला उजेड पुरेसा मंद ठेवणे हे खरे कौशल्य. दिवे बसवलेली बहुतेक मॉडेल फसतात ती जोडणीत चूक झाल्यामुळे नव्हे, तर उजेड जास्त झाल्यामुळे.

आकार आणि तेज

१:७२ प्रमाणाच्या विमानात १ मिमी म्हणजे खऱ्या विमानातले ७.२ सेंमी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्रास मिळणारा ५ मिमीचा एलईडी अशा विमानाच्या पंखाच्या टोकाला लावला, तर खऱ्या विमानावर ३६ सेंमी व्यासाचा, परातीएवढा दिवा लावल्यासारखे होते. म्हणून मॉडेलकार सर्किट बोर्डावर बसवायचे चिपच्या आकाराचे एसएमडी एलईडी वापरतात. ०६०३ या मापाचा एलईडी १.६ × ०.८ मिमी असतो, तर ०४०२ या मापाचा १ × ०.५ मिमी. (नावातले आकडे इंचाच्या शतांशांत लांबी-रुंदी सांगतात.) त्याहून बारीक उजेडाचा ठिपका हवा असेल तर प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, हाच उपाय. पाव मिलिमीटर जाडीचा तंतू १:७२ मध्ये १८ मिमीचा ठरतो, म्हणजे कॉकपिटमधल्या इंडिकेटर दिव्याच्या मापाचा.

आकार साधला तरी तेजाचा प्रश्न उरतो. एलईडी सहसा २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी बनवलेला असतो. तेवढा प्रवाह दिला की हातभर अंतरावरून पाहणाऱ्याचे डोळे दिपतात आणि भोवतीचे सगळे बारीक काम दिसेनासे होते. अनेक मॉडेलांना १ ते ५ मिलिअँपिअर पुरतो. दिवाणखान्याच्या नेहमीच्या उजेडात दिवा लागला आहे एवढे कळावे आणि खोली अंधारी केल्यावर तो खुलावा, हे माप धरून चालावे.

पूर्वीची साधने

विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच दिवे असत. छंदाच्या मॉडेलांत दीर्घकाळ वापरले गेले ते गव्हाच्या आणि तांदळाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब. त्यांचा उजेड उबदार आणि देखणा, पण ते तापत. बंद डब्यात तासभर जळणारा बल्ब पातळ प्लॅस्टिकला बाक आणत असे, आणि तो उडाला की मॉडेल फोडल्याशिवाय बदलता येत नसे. आयुष्य वाढावे म्हणून जाणते लोक १२ व्होल्टचा बल्ब ८-९ व्होल्टवर चालवत.

दृश्य लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला. मॉडेलकारांना मात्र बराच काळ लाल, पिवळा आणि फिकट हिरवा एवढ्यांवरच भागवावे लागले. प्रखर निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन पांढरा एलईडी झाला, आणि मग गाडीचे हेडलाइट व घराच्या खिडक्या एलईडीने उजळता येऊ लागल्या. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या छंदाचे आजचे रूप त्या शोधावरच उभे आहे.

उजेड अडवणे

किटचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. आत दिवा लावला की पांढऱ्या किंवा करड्या रंगाचे अख्खे धड उजळून निघते. त्यासाठी भाग जोडण्यापूर्वी आतून आधी काळ्या रंगाचे दोन-तीन हात देतात आणि दिव्याभोवती त्यावर पांढरा किंवा चंदेरी रंग चढवतात. काळा थर उजेड बाहेर फुटू देत नाही, चंदेरी थर तो आत पसरवतो. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी हे काम झटपट करते, पण ती वीजवाहक असल्यामुळे उघड्या सांध्याला टेकली की शॉर्ट होते. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून येणारी उजेडाची रेघ उन्हात दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत आतला दिवा लावून मॉडेल सगळ्या बाजूंनी फिरवून पाहावे लागते, आणि हे रंगकामाच्या आधीच करावे लागते.

प्रवासी जहाजाच्या मॉडेलात हे काम सर्वांत खोलवर जाते. टायटॅनिकची लांबी सुमारे २६९ मी. होती. १:३५० मध्ये ती ७७ सेंमी भरते आणि तिच्या गोल खिडक्या मिलिमीटरभराच्या होतात. अशा शेकडो खिडक्या कोरून आत एलईडीची पट्टी सोडली की सगळ्या एकसारख्या लखलखतात, आणि नेमके तेच खोटे दिसते. रात्री जहाजावरच्या सगळ्या केबिन जाग्या नसतात. चांगला मॉडेलकार आतल्या बाजूने प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे कप्पे करतो, काही खिडक्यांच्या मागे काळा कागद लावतो, काहींना फिकट पिवळट रंगाचा पडदा देतो आणि भोके स्वच्छ राळेने किंवा वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या पांढऱ्या गोंदाने भरतो.

प्रकाशतंतूची स्वतःची तंत्रे आहेत. एका एलईडीसमोर दहा-वीस तंतूंची जुडी काळ्या नळीत धरली की तेवढे ठिपके एका दिव्यावर भागतात. तंतू फार तीव्र कोनात वाकवला तर वळणावरच उजेड बाहेर पडतो. इन्स्टंट ग्लूने तो ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरतात. रंगकाम होईपर्यंत टोक बाहेर राहू द्यायचे आणि मग पृष्ठभागालगत छाटायचे. टोकाजवळ तापलेली सोल्डरिंग आयर्न न टेकवता धरली तर तिथे बारीक गोलाकार फुगवटा येतो. तो भिंगाचे काम करतो आणि ठिपका बाजूनेही दिसू लागतो.

जोडणी

एलईडीला प्रवाह मर्यादित करणारा रेझिस्टर हवाच. त्याचे गणित ओहमच्या नियमाचे : पुरवठ्याच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे आणि उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागायचे. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, पांढरा आणि निळा सुमारे ३. यूएसबीच्या ५ व्होल्टवर पांढरा एलईडी ५ मिलिअँपिअरला चालवायचा तर (५ − ३) ÷ ०.००५ म्हणजे ४०० ओहम येतात. दुकानात ३९० किंवा ४७० चा रेझिस्टर मिळतो आणि दोन्ही चालतात. १२ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडून एकच रेझिस्टर देता येतो.

नवख्यांना हमखास नडते ती समांतर जोडणी. विमानाचा लाल आणि हिरवा दिवा एकाच रेझिस्टरवर समांतर जोडला, तर कमी व्होल्टचा लाल दिवा जवळपास सगळा प्रवाह ओढून घेतो आणि हिरवा लागतच नाही. दिवा खराब निघाला असे वाटून तो बदलला जातो, पण दोष जोडणीत असतो. प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर दिला की प्रश्न सुटतो.

तारेसाठी मोटर भरायची वाइंडिंग वायर उत्तम. तिच्यावरचा पातळ इनॅमल हेच आवरण, त्यामुळे केसाएवढी तार पंखाच्या पोकळीतून सहज जाते. टोकाचे इनॅमल खरवडून किंवा सोल्डरच्या थेंबात जाळून काढतात. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि सोल्डरिंग आयर्न ३०० च्या वर तापलेली असते. म्हणून सोल्डरिंग मॉडेलच्या बाहेर उरकून जोडलेला दिवा आत सरकवायचा, हा क्रम मोडू नये.

रंग, काळ आणि नियम

उजेडाचा रंग काळ सांगतो. रॉकेलचा कंदील पिवळट तांबूस, तारेचा बल्ब उबदार पिवळसर (सुमारे २७०० केल्विन), सोडियमचा रस्त्यावरचा दिवा नारिंगी, तर ट्यूबलाइट थंड पांढरी. १९३० च्या स्टेशनवर निळसर पांढरे एलईडी लावले की बाकी मेहनत वाया जाते. योग्य छटेचा एलईडी मिळाला नाही तर त्यावर पारदर्शक नारिंगी किंवा पिवळा रंग लावून काम भागते.

विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटाला पांढरा दिवा, हे बहुतेकांना ठाऊक असते. जहाजांचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात सविस्तर आहेत आणि मॉडेलकाराने ते वाचावेतच. बाजूचे लाल-हिरवे दिवे प्रत्येकी ११२.५ अंशांत, मागचा पांढरा १३५ अंशांत आणि डोलकाठीवरचा पांढरा २२५ अंशांत दिसला पाहिजे. ५० मी. किंवा त्याहून लांब यांत्रिक जहाजाला चालताना डोलकाठीवर असे दोन दिवे लागतात, मागचा पुढच्यापेक्षा उंच. नांगर टाकल्यावर मात्र हे सगळे विझतात आणि चहूबाजूंनी दिसणारे पांढरे दिवे लागतात, १०० मी. वा त्याहून लांब जहाजाने डेकही उजळून ठेवायचे असते. नांगराची साखळी पाण्यात सोडलेली आणि लाल-हिरवे दिवे चालू, असे मॉडेल जाणत्या नजरेला लगेच खटकते. दुसऱ्या महायुद्धातल्या आघाडीवरच्या रणगाड्याचे हेडलाइट झगमगताना दाखवणे हीही तशीच चूक आहे, कारण तेव्हा दिवे झाकून किंवा विझवूनच हालचाल होई.

लुकलुकण्यालाही शिस्त असते. विमानाच्या टक्करविरोधी दिव्याची उघडझाप मिनिटाला ४० ते १०० च्या दरम्यान असावी लागते. जुना फिरता दिवा हळूहळू उजळून हळूहळू मावळतो, तर स्ट्रोब, म्हणजे झटक्याने लागणारा दिवा, क्षणभर लखकन चमकून विझतो. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या, हान्स कामेन्झिंड यांनी रचलेल्या ५५५ टायमर चिपने साधी उघडझाप पिढ्यान्‌पिढ्या भागवली. १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (वीज साठवून सोडणारा भाग) लावला की ती साधारण सेकंदाला एकदा लुकलुकते. उजळणे-मावळणे, वेल्डिंगच्या ठिणगीची अनियमित फडफड, बिघडलेल्या ट्यूबलाइटचे अडखळणे यांसाठी मात्र मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी चिप, हवा. इटलीत २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डामुळे हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले. एटीटायनी ८५ सारखी आठ पायांची चिप तर १:४८ च्या विमानाच्या पोटातही मावते.

आगगाड्या आणि मोठी दृश्ये

मॉडेल रेल्वेत वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे चाकाला धूळ लागली की डब्यातले दिवे फडफडतात. डब्यात ब्रिज रेक्टिफायर (कोणत्याही दिशेने आलेली वीज एकाच दिशेने पुढे देणारा भाग) आणि मोठा कॅपॅसिटर बसवला की हे थांबते. जुन्या पद्धतीत रुळांतले व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलत, म्हणून गाडी थांबली की दिवेही विझत. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने प्रमाणित केलेल्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर पूर्ण वीज कायम असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा जातात. उभ्या इंजिनाचा हेडलाइट लागलेला राहू शकतो, आणि दिशा बदलली की पुढचा दिवा मालवून मागचा लागतो.

हँबर्गमध्ये ब्राउन बंधूंनी २००१ मध्ये उघडलेले मिनिएचर वंडरलँड हे या कलेचे जगातले सर्वांत भव्य उदाहरण. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवस सरून रात्र होते, मग शहरांतले दिवे लागतात. २०११ पासून तिथल्या विमानतळावर दिव्यांसह विमाने उतरतात आणि उडतात. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या हे सगळे तिथे एकाच मांडणीत पाहता येते. या छंदाची गोडी लागलेल्या मराठी माणसाने तिथे जाऊन खांबांवरचे दिवे जवळून न्याहाळावेत. सुटे भाग शोधायचे तर पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही ठिकाणे नेहमीची आहेत.

वीजपुरवठा आणि दुरुस्ती

सीआर २०३२ हा बटण सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. ५ मिलिअँपिअरवर हिशेबाने तो चाळीसेक तास चालतो. प्रत्यक्षात पांढरा एलईडी त्याआधीच मंदावतो, कारण सेलचे ३ व्होल्ट त्याला मुळातच काठावर पुरणारे. पॉवर बँक इतका कमी भार ओळखत नाही आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. कपाटात कायम ठेवायच्या मॉडेलला ५ किंवा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर सर्वांत सोयीचा. तारा विमानाच्या चाकाच्या पायातून किंवा जहाजाच्या खांबातून लाकडी बैठकीत उतरवतात आणि रेझिस्टर, टायमर, स्विच हे सगळे त्या बैठकीत ठेवतात. एलईडी सहसा दगा देत नाही. तुटते ती तार, नाहीतर सांधा. म्हणून बैठकीचा तळ स्क्रूने उघडता येईल असा ठेवावा, प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधावी, आणि मॉडेलचे शेवटचे दोन भाग चिकटवण्यापूर्वी सगळे दिवे रात्रभर चालू ठेवून पाहावेत.