स्मृती शिष्यवृत्ती: गुणपत्रिकेपासून गृहभेटीपर्यंत

सुरुवातीच्या स्मृती शिष्यवृत्त्या, म्हणजे कुणाच्या तरी आठवणीत ठेवलेल्या शिष्यवृत्त्या, निखळ हुशारीसाठी होत्या. मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा त्यातला सर्वपरिचित नमुना. १९१२ साली ती पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तिथे घरच्या परिस्थितीची विचारणा नव्हती. गरीब मुलांची भिस्त माधुकरीवर, वार लावून जेवण्यावर आणि पुढे वसतिगृहांवर होती.

महाविद्यालयं तालुक्याच्या गावी पोचली तशा निवृत्त शिक्षकांच्या, दिवंगत आईवडिलांच्या नावाने ठेवी येऊ लागल्या. मुद्दल मुदत ठेवीत आणि व्याज विद्यार्थ्याला, अशी रीत. नव्वदच्या दशकात १२ टक्क्यांनी एक लाखावर वर्षाला १२,००० सुटत. साडेसहा टक्क्यांनी तीच ठेव ६,५०० देते, आणि मेसचा खर्च तेवढाच राहिलेला नाही. त्यामुळे ‘गरीब व होतकरू’ मुलांच्या कित्येक जुन्या शिष्यवृत्त्या आज गुणगौरव समारंभातल्या पाकिटापुरत्या उरल्या आहेत.

शेतकरी आत्महत्यांनंतर पितृछत्र हरपलेल्या मुलांसाठी देणग्या वाढल्या आणि निकष बदलले. खरा पेच इथेच सुरू झाला. अनेक न्यासांनी अर्जासोबत आत्महत्या ‘पात्र’ ठरल्याचा कागद मागितला. ही वर्गवारी सरकारी मदतीसाठी आहे. २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. नापिकी, कर्ज, परतफेडीचा तगादा बघते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. ठोक्याने (ठरलेल्या भाड्याने) किंवा बटईने (पिकातल्या वाट्यावर) दुसऱ्याची शेती करणारा, बिनपरवाना सावकाराकडून किंवा नातलगांकडून उचल घेतलेला माणूस यात बसत नाही. त्याचं प्रकरण ‘अपात्र’ होतं, सरकारी मदत जाते, आणि त्याच कागदावर मुलीची शिष्यवृत्तीही जाते. एकाच नकाराची शिक्षा दोनदा.

न्यासांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. कागद नसेल तर वशिला शिरतो, विश्वस्तांवर बोट ठेवलं जातं, लेखापरीक्षक पुरावा मागतो. तरीही सरकारी मदतीची चाळणी खासगी देणगीला लावण्याचं कारण पटत नाही. देणगीदाराच्या पत्रात बहुधा ‘अडचणीतील विद्यार्थी’ एवढंच लिहिलेलं असतं.

असाच घोळ उत्पन्नाच्या दाखल्यात. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला जोडून आईच्या नावाने तो निघतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा हुकूम. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव तसंच असतं, मग त्याचं उत्पन्न धरलं जातं. ‘शिक्षणात खंड नसावा’ ही अट आणखी निर्दयी. वडील गेल्यावर वर्षभर कापूस वेचायला गेलेला मुलगा तिथेच कटतो.

शुल्काचा भार सरकारी योजनांनी बराच उचलला आहे. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला सवलत आहे, आणि २०२४ पासून त्याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना शुल्कमाफी. म्हणून जाणत्या न्यासांनी पैसा खोलीभाडं, मेस, परीक्षा फी, एसटीचा पास इकडे वळवला. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी हातात पडावा लागतो. दिवाळीनंतर आलेली रक्कम उधारी फेडण्यात जाते.

निवडीत आता गृहभेट रुळते आहे. दोन स्वयंसेवक, त्यातला एक गावाबाहेरचा. घरात कमावतं कोण, मजुरी किती दिवस मिळते, कुणाचं औषधपाणी चालू आहे, एवढं विचारून एकपानी टिपण. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र. खंडाचं कारण अर्जातच लिहायला जागा. जुन्या ठेवींना मात्र हे सहज लागू होत नाही: अट मूळ दानपत्रातच असेल आणि दाता हयात नसेल, तर विश्वस्त ठराव करून ती बदलू शकत नाहीत, सार्वजनिक विश्वस्त कायद्याची लांबलचक वाट धरावी लागते. म्हणून नव्या दानपत्रात ‘परिस्थितीनुसार निकष बदलण्याचा अधिकार विश्वस्तांना राहील’ हे वाक्य पहिल्याच दिवशी घालून घ्यावं.