पार्श्वभूमी : ‘फुकट वीज’ देणारे जनरेटर आणि पेटंट क्रमांकाचा घोळ

मुंबईत नोकरी करणाऱ्या असंख्य माणसांचे गावाकडे घर असते, विहीर असते, विहिरीवर पंप असतो आणि पंपाला वीज भलत्या वेळी येते. ‘डिझेल नको, बिल नको, एकदा सुरू केला की चालतच राहणार’ अशा जनरेटरच्या व्हिडिओंना बळी पडणारा माणूस हा आहे. तो अडाणी नसतो, भारनियमनाला कंटाळलेला असतो. त्याचा विश्वास बसतो तो बहुतेकदा कोपऱ्यात दाखवलेल्या पेटंट क्रमांकामुळे.

कल्पना जुनी आहे. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेले चाक आपोआप फिरत राहते, असे वर्णन सातव्या शतकातल्या आणि पुन्हा ११५०च्या सुमाराच्या संस्कृत ज्योतिषग्रंथांत येते. तेराव्या शतकात युरोपात हातोड्या लटकवलेल्या चाकाचे चित्र निघाले. यांपैकी एकही चाक न थांबता फिरल्याचा पुरावा नाही. ‘आपल्या पूर्वजांनी हे साधले होते’ म्हणून जनरेटर विकणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

महत्त्वाचे वळण १७७५चे. पॅरिसमधल्या विज्ञानसंस्थेने त्या वर्षी ठरवले, की आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. या निर्णयावर आजही आक्षेप घेतला जातो : न पाहताच दार लावणे हे विज्ञान कसे? आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम (ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, फक्त रूप बदलते) तेव्हा मांडलाच गेला नव्हता. तो १८४०च्या दशकात आकाराला आला. पण ठरावासोबत दिलेली कारणे वाचावीत. घर्षण आणि हवेचा रोध यांमुळे असे यंत्र अशक्य आहे, हे त्यात आहेच. त्याच्या जोडीला असेही म्हटले आहे, की या नादात एकाहून अधिक कुटुंबे धुळीला मिळाली आणि चांगले कारागीर आपला पैसा, वेळ, बुद्धी यात घालवून बसले. मला हे दुसरे कारण पहिल्याइतकेच वजनदार वाटते. दार लावले ते कारागिराच्या काळजीपोटीसुद्धा.

आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात हीच भूमिका आली. कलम ३च्या पहिल्याच पोटकलमानुसार, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध ठरत नाही. मग त्या जाहिरातीत क्रमांक येतो कुठून?

घोळ इथे आहे. पेटंटसाठी अर्ज कोणीही करू शकतो, आणि अर्ज दाखल होताच त्याला क्रमांक मिळतो. साधारण १८ महिन्यांनी तो अधिकृत जर्नलमध्ये छापून येतो. तोवर दाव्यात तथ्य आहे का, हे कोणी पाहिलेले नसते. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. म्हणजे दाखल, प्रकाशित आणि मंजूर या तीन अगदी निरनिराळ्या पायऱ्या आहेत. विक्रेता पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर उभा राहून तिसरीचा रुबाब दाखवतो. जर्नलचे पान सरकारी असते, त्यावर यंत्राची आकृती असते, आणि गिऱ्हाईकाला ते प्रमाणपत्र वाटते. हा सरळसरळ गैरफायदा आहे.

व्हिडिओतली मांडणी ठरलेली असते. एक एचपीची मोटर, पट्ट्याने जोडलेले जड चाक, पुढे ३ किलोवॅटचा अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारा भाग. मोटर भिंतीवरच्या सॉकेटवर सुरू करतात, चाकाने वेग घेतला की पिन काढून अल्टरनेटरच्याच सॉकेटमध्ये खोचतात. सगळे फिरत राहते, दिवाही लागतो. यात दोन गोष्टी लपतात. पाटीवरचे ३ किलोवॅट ही झेपण्याची मर्यादा आहे. मोटर देईल त्याहून जास्त अल्टरनेटर देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट चाकाची. ५० किलो वजनाचे, अर्धा मीटर व्यासाचे भरीव चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्यात सुमारे १९ किलोज्यूल ऊर्जा साठते. एक एचपीच्या कामाला ती जेमतेम २५ सेकंद पुरते. त्यापुढे व्हिडिओ चालू राहिला, तर कुठेतरी वायर आहे.

आता या जाहिरातींत मुंबईच्या लोकलचाही दाखला देऊ लागले आहेत : ब्रेक लावल्यावर गाडी वीज परत देते, मग आमचे यंत्र का देणार नाही? लोकल वीज परत देते हे खरे, आणि त्यातून होणारी बचत मोठी आहे. पण परत येते ती गाडीला वेग देताना खर्च झालेल्या विजेचा काही भाग, उरलेली तारेतून घ्यावीच लागते.

महाराष्ट्रातले अर्ज अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. कोणत्याही अर्जाची सद्यस्थिती ऑनलाइन, पैसे न भरता पाहता येते. जाहिरातीतला क्रमांक तिथे टाकावा आणि पेटंट मंजूर झाले आहे का तेवढे पाहावे. अर्ज नुसता प्रकाशित झालेला असेल, तर मंजुरीआधी त्याला लेखी विरोध करण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिला आहे.