विज्ञानकथात्मक रोलप्ले लेखनातील पात्रनिर्मिती

अनेक जण मिळून एकच विज्ञानकथा लिहितात आणि प्रत्येक जण आपापल्या पात्राच्या बोलण्या-वागण्यातून ती पुढे नेतो, त्याला रोलप्ले लेखन म्हणतात. कादंबरीकार आपल्या पात्राला शोभेल असा प्रसंग स्वतःच रचू शकतो. इथे पुढचा परिच्छेद दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून पात्र लेखकाच्या मनात कितीही जिवंत असले, तरी इतरांना त्याच्याशी बोलावेसे, भांडावेसे, त्याच्याकडे काही मागावेसे वाटले नाही, तर ते कथेत कोपऱ्यात उभे राहते.

याची मुळे टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत सापडतात. १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळविषयक खेळात पात्र घडवण्याची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. खेळाडू आपल्या पात्राला नौदल, सैन्य, व्यापार अशा एखाद्या सेवेत चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी पाठवी. प्रत्येक टप्प्यात नवे कौशल्य मिळे, पण वय वाढे, आणि खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरण्याचाही धोका असे. कौशल्याची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजली जाई. विशीतच शल्यविशारद, वैमानिक आणि सेनानी असलेले पात्र का पटत नाही, याचे उत्तर या एका नियमात आहे.

अशा सर्वगुणसंपन्न पात्राला ‘मेरी सू’ म्हणतात. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’ या अंतराळविषयक मालिकेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचे विडंबन लिहिले, त्यातल्या साडेपंधरा वर्षांच्या लेफ्टनंटचे हे नाव. पुढे हा शब्द कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्रावर सर्रास फेकला जाऊ लागला, ते अन्यायाचे आहे. दोष कर्तबगारीत नाही. सगळ्या अडचणी एकच पात्र सोडवू लागले की इतरांना करायला काही उरत नाही, ही खरी तक्रार.

विज्ञानकथेत पात्र पटते ते त्याच्या जगाच्या खुणा अंगावर दिसल्या की. वजनरहित अवस्थेत व्यायामासारखे उपाय केले नाहीत तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणजे वर्षानुवर्षे यानावर राहिलेली तंत्रज्ञ ग्रहावर उतरल्यावर जिना जपून चढेल, आणि सवयीने हातातला पाना हवेत सोडून देईल. तो खाली आपटल्यावर ती दचकते, एवढ्या एका वाक्यात तिचा सगळा पूर्वेतिहास येतो. मंगळावरून पृथ्वीपर्यंत रेडिओ संदेशाला ग्रहांच्या स्थितीनुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात. मंगळावरच्या वसाहतीतला मुलगा पृथ्वीवरच्या आईशी भांडला, तर तिचे रागावलेले उत्तर येईपर्यंत त्याने माफीही मागून टाकलेली असेल. अशा माणसाला बोलण्याआधी थांबण्याची सवय लागते, किंवा तो एकाच संदेशात सगळे ओतून टाकतो. यातले काय होईल, तिथे स्वभाव ठरतो.

लांबलचक पूर्वकथेपेक्षा दोन-तीन मोकळी टोके अधिक उपयोगी पडतात: न फेडलेले देणे, न जमणारे एखादे काम, लपवलेली चूक. ही टोके दुसऱ्या लेखकाला धरता येतात. नवख्यांच्या पात्रपत्रिकेत, म्हणजे पात्राची माहिती लिहून ठेवलेल्या टिपणात, बहुधा सगळ्या जखमा भरून आलेल्या असतात, मग त्यांना हात लावणार कोण?

दुसऱ्याच्या पात्राचे काय होते ते परस्पर ठरवून टाकण्याला गॉडमोडिंग म्हणतात. ‘तिने त्याला ढकलले आणि तो कोसळला’ हे वाक्य सहलेखकाचा हक्क हिरावते. ‘तिने त्याला ढकलण्यासाठी दोन्ही हात पुढे केले’ इथे थांबले की तो तोल सांभाळेल, पडेल किंवा तिचे मनगट धरेल. लेखकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्रालाही ठाऊक असल्यासारखे लिहिणे, म्हणजे मेटागेमिंग, हाही असाच दोष. यानाच्या तळाशी काम करणाऱ्याला वरच्या कक्षातले कारस्थान कळायला कुणीतरी खाली येऊन सांगावे लागते, आणि त्या येण्यातूनच नवा प्रसंग मिळतो.

लेखक मध्येच काही दिवस गप्प होतात. म्हणून अनुभवी मंडळी पात्राला नजरेआड जाता येईल असे काम देऊन ठेवतात: बाहेरच्या कवचाची दुरुस्ती, रात्रपाळी, विलगीकरण कक्षातला मुक्काम. कथा त्याच्यावाचून चालू राहते, आणि ते पात्र परतले की काय-काय घडले ते त्याला कोण सांगणार, यावरून दोन पात्रांत जुंपते.