चष्मा जातो, पण कॉर्निया किती उरतो?

लेसिकच्या, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनच्या जाहिरातीत ‘दहा मिनिटांत चष्म्याला रामराम’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. त्या दहा मिनिटांत डोळ्यातून काय कमी होतं, ते मात्र कुणी लिहीत नाही.

कमी होतो तो कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. लेसिकमध्ये त्याचा वरचा पापुद्रा कापून दारासारखा उघडतात. हा ‘फ्लॅप’. मग खालचा भाग लेसरने हवा तितका उडवतात आणि फ्लॅप परत बसवतात.

आता हिशेब करा. फ्लॅप सुमारे ११० मायक्रॉनचा. एकेका नंबरामागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात, म्हणजे उणे ६ नंबरासाठी ८४. उरले ३४६. फ्लॅप परत बसवला तरी वजाच धरायचा, कारण तो पूर्वीसारखा घट्ट सांधला जात नाही. डोळ्याच्या आतला दाब पेलायचं काम खालच्या थरालाच करावं लागतं. तो थर निदान २५० मायक्रॉनचा उरावा, असा जुना दंडक आहे. जाडी मुळात ४९० आणि नंबर उणे १० असला, तर उरतात २४०. इथे ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर खरा.

हा दंडक मोडला, किंवा केराटोकोनसची (कॉर्निया आपोआप पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) सुरुवात तपासणीत नजरेतून निसटली, तर पातळ कॉर्निया पुढे फुगत जातो. याला एक्टेझिया म्हणतात. हे क्वचितच होतं, पण झालं की चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणून ऑपरेशनपेक्षा आधीची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, महत्त्वाची. डोळे चोळायची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

नेहमी आढळणारा त्रास वेगळाच. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, खुपतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या पाहणीत, आधी वलयं न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना ती तीन महिन्यांनी दिसत होती. कोरडेपणा नव्याने जाणवणारे २८ टक्क्यांपर्यंत होते. वलयांसारख्या दिसण्यातल्या त्रासामुळे रोजचं काम फार अडलं, असे लोक मात्र १ टक्क्याहूनही कमी. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींच्या खिशात ड्रॉप्सची बाटली कायमची राहते. आणि चाळिशी लागली की वाचायचा चष्मा येतोच. लेसिक तो थांबवत नाही.

ऑपरेशनआधीचा नंबर आणि कॉर्नियाची मोजमापं असलेला कागद मात्र जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या भिंगाची पॉवर काढताना हीच मोजमापं डॉक्टरांच्या उपयोगी पडतात. काचबिंदूच्या तपासणीतही लेसिक झाल्याचं आधीच सांगा. कॉर्निया पातळ असल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो.