गुण अंगात असतात, पण हाताशी असतात का?

स्वतःतले पाच दोष सांगा म्हटलं की यादी तयारच असते. चिडचिड, आळस, धरसोड, वेळ न पाळणं, कुणाला 'नाही' म्हणता न येणं. पाच गुण विचारले की तोच माणूस दुसऱ्या गुणापाशीच अडखळतो. संकोच हे त्याचं एक कारण. दुसरं मनाच्या घडणीतच आहे. टीका, अपयश, अपमान यांचा ठसा चांगल्या गोष्टींपेक्षा खोल उमटतो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा नातेसंबंधांपासून शिकण्यापर्यंत बहुतेक ठिकाणी हाच कल दिसला. तिसरं कारण मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अंगात मुरलेला गुण वापरताना कष्ट पडत नाहीत, आणि कष्ट पडले नाहीत की 'त्यात काय एवढं' म्हणून आपण तो जमेस धरतच नाही. भांडणारे दोघेही जिच्याकडे आपणहून निवाडा मागायला येतात, तिला आपल्यात न्यायबुद्धी आहे हे दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत जाणवलेलंही नसतं.

मानसशास्त्रानंही या विषयाकडे बराच काळ पाठ फिरवली होती. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या. परीक्षेत नक्कल करणारं मूल खेळात खोटेपणा करेलच असं नाही, आणि याच्या उलटही, असं त्यांना आढळलं. मग 'चारित्र्य' नावाची स्थिर गोष्ट असते तरी का, अशी शंका अनेकांना आली. पुढे गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार इंग्रजी शब्द शब्दकोशातून वेचून काढले, पण चांगलं-वाईट ठरवणारे शब्द त्यांनी बाजूला ठेवले. ऑलपोर्ट यांच्या मते चारित्र्य हा नीतिशास्त्राचा प्रांत होता. मानसशास्त्राकडे उरला तो स्वभाव, आणि मानसिक आजारांच्या अधिकृत यादीतली नावं तर वाढतच गेली.

१९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असताना मार्टिन सेलिगमन यांनी हा तोल सावरायचं मनावर घेतलं. ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासोबत त्यांनी जगभरच्या धर्मपरंपरा आणि तत्त्वज्ञानं चाळून, सगळीकडे ज्यांना मान आहे असे गुण शोधायला घेतले. २००४ साली त्यातून २४ गुणांचं वर्गीकरण पुढे आलं. जिज्ञासा, सारासार विचार, चिकाटी, धैर्य, दयाळूपणा, न्यायबुद्धी, क्षमाशीलता, संयम, कृतज्ञता, विनोदबुद्धी अशी ही नावं आहेत. गुण म्हणून निवड होण्यासाठी काही अटी होत्या. त्यांतली एक मला फार आवडते: एकानं तो गुण दाखवल्यानं आजूबाजूचे लहान ठरता कामा नयेत, उलट पाहणाऱ्यालाही उभारी वाटावी.

हे २४ गुण सहा गटांत बसवलेले आहेत, पण नंतरच्या आकडेवारीच्या विश्लेषणात ते सहा गट काही नीट उभे राहिले नाहीत. त्यामुळे गटांपेक्षा सुट्या गुणांकडे पाहिलेलं बरं. मोजमापासाठी जी प्रश्नावली बनली, तिच्या मूळ रूपात २४० विधानं होती. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं हे आपणच सांगायचं, आणि शेवटी आपल्या गुणांची क्रमवारी मिळते. वरच्या चार-पाच गुणांना ठळक गुण म्हणू. पहिल्या क्रमांकावर चिकाटी आली याचा अर्थ इतरांपेक्षा आपली चिकाटी जास्त, असा होत नाही. आपल्याच बाकीच्या गुणांत ती पुढे आहे, एवढंच ते सांगतं. शिवाय उत्तरं आपलीच असल्यामुळे आपण स्वतःला जसे दिसतो तसेच त्यात उमटतो.

एवढ्यावरच बहुतेक जण थांबतात. निकाल वाचायचा, ओळखीच्यांना दाखवायचा, विसरून जायचा. २००५ मध्ये सेलिगमन, पीटरसन, ट्रेसी स्टीन आणि नानसूक पार्क यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे बारकाईनं पाहण्यासारखा आहे. इंटरनेटवरून सहभागी झालेल्या ५७७ प्रौढांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सहा गटांत विभागणी केली होती. एका गटाला आपले ठळक गुण ओळखून ते आठवडाभर जास्त वापरायला सांगितलं. दुसऱ्या गटालाही ठळक गुण कळवले, पण सूचना जराशी वेगळी होती: त्यांतला एक गुण आठवडाभर रोज नव्या पद्धतीनं वापरायचा. तुलनेसाठीच्या गटानं रोज रात्री लहानपणच्या आठवणी लिहिल्या. पहिल्या गटाला वाटलेला आनंद लवकरच ओसरला. दुसऱ्या गटात मात्र आनंदातली वाढ आणि नैराश्याच्या लक्षणांतली घट सहा महिन्यांनंतरही टिकून होती.

दोन्ही गटांना आपले गुण सारखेच ठाऊक होते. फरक पडला तो 'नव्या पद्धतीनं' या दोन शब्दांनी. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण सवयीत आहे. जो गुण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वापरला जातो तो लक्षाबाहेर जातो. त्याला नवी जागा दिली की लक्ष परत येतं, आणि अडलेलं एखादं काम सुटण्याचीही शक्यता निर्माण होते.

समजा, एका बाईंवर घरी वडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे. वडील रोज संध्याकाळी नोकरीतली तीच गोष्ट सांगतात: यंत्र बंद पडलं, साहेब घाबरले, आणि शेवटी त्यांनीच ते चालू केलं. बाई दात-ओठ खाऊन ऐकतात. आपण संयम ठेवला पाहिजे असं स्वतःला बजावतात आणि चौथ्या दिवशी तोंडून तुटक शब्द निघतोच. संयम त्यांच्या यादीत खाली आहे. वर आहे ती जिज्ञासा. कामाच्या ठिकाणी त्या एकामागून एक प्रश्न विचारतात, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांतला कागदही वाचून काढतात. पण ही जिज्ञासा घराच्या उंबऱ्याआत कधी आलेलीच नाही. आता त्या एवढंच ठरवतात: बाबांनी यंत्राची गोष्ट काढली की आजवर न विचारलेला एक प्रश्न विचारायचा. "बाबा, तुम्हाला ते यंत्र उघडायला शिकवलं कुणी?" वडील थबकतात. मग एका वयस्क सहकाऱ्याचं नाव येतं, त्याची शिकवायची तऱ्हा येते, त्याच्याकडून खाल्लेली बोलणी येतात. ऐकायला आता जोर लावावा लागत नाही. संयमानं जे साधत नव्हतं ते जिज्ञासेनं साधलं.

इथे 'अमुक झालं की तमुक करायचं' ही वाक्यरचनाही कामाची आहे. 'मी जिज्ञासू राहीन' असा नुसता संकल्प हवेत राहतो. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली तर ती प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता बरीच वाढते, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेलं आहे.

या शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये मिरियम मॉन्ग्रेन आणि ट्रेसी अँसेल्मो-मॅथ्यूज यांनी २००५ चा प्रयोग पुन्हा करून पाहिला. या वेळी तुलनेच्या एका गटाला लहानपणच्या सुखद आठवणी लिहायला दिल्या होत्या, आणि त्यांनाही तितकाच फायदा झाला. म्हणजे आपल्याबद्दल काही चांगलं मनाशी आणणं, यातूनच बराचसा परिणाम येत असावा. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित गोळाबेरीज निकोला शूट आणि जॉन मालूफ यांनी २०१९ मध्ये मांडली. तिच्यानुसार ठळक गुण वापरण्याचा फायदा खरा आहे, पण माफक. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला उपचारच हवेत. त्याच्या हातात गुणांची यादी देऊन त्याला मार्गी लावू पाहणं हे क्रूरपणाचं होईल.

'दोष विसरा, फक्त गुण वाढवा' हा उपदेशही पुराव्याला धरून नाही. रेने प्रोयर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये काहींना यादीतले वरचे गुण वापरायला दिले, तर काहींना खालचे. फायदा दोघांनाही झाला. ज्यांचे एकूणच सगळे गुण मुळात बळकट होते त्यांना खालच्या गुणांवर काम करणं जास्त लाभलं, बाकीच्यांना वरच्या.

आणि मग 'अति तिथे माती' आहेच. धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधे असतं, असं ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय. माणसं ओळखण्याची जाण हा किती हवासा गुण. पण २०१७ च्या एका अभ्यासात, लोकांमध्ये मिसळायची भीती वाटणाऱ्यांकडून हाच गुण गरजेपेक्षा जास्त वापरला जाताना दिसला, आणि सोबत नम्रताही. समोरच्याच्या भुवईची प्रत्येक हालचाल टिपणाऱ्याला निवांत गप्पा कशा मारता येतील? प्रामाणिकपणाचंही तसंच. नवख्या सहकाऱ्याच्या पहिल्या अहवालाच्या सर्वांसमोर चिंधड्या उडवल्यावर 'मी खरं तेच बोललो' हे म्हणणं खरं असेल, पण त्या क्षणी दयाळूपणा कुठे होता हेही विचारावं लागतं.

स्वतःचे गुण ओळखायला प्रश्नावलीपेक्षा मला दुसरी एक वाट जास्त विश्वासाची वाटते. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती रूढ केली. ओळखीच्या निरनिराळ्या माणसांना, घरातल्या, कामावरच्या, जुन्या मित्रांना, एकच विनंती करायची: मी माझ्या सर्वोत्तम रूपात तुला कधी दिसलो, तो प्रसंग सांग. विशेषणं मागायची नाहीत. 'तू फार चांगली आहेस' यातून काही हाती लागत नाही. 'सगळे चिडले होते तेव्हा तू उठून खिडकी उघडलीस आणि म्हणालीस, आधी नेमकं काय ठरलं होतं ते एकदा वाचू या' यातून बरंच कळतं. असे दहा-बारा प्रसंग शेजारी ठेवले की त्यांत वारंवार डोकावणारी गोष्ट आपोआप दिसते, आणि पुष्कळदा ती आपल्या मनातल्या यादीत नसते.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न, कारण दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो. क्लाउडिया हार्झर आणि विलिबाल्ड रुख यांच्या अभ्यासात, ज्यांना आपले चार किंवा त्याहून अधिक ठळक गुण कामात वापरता येत होते, त्यांचा कामाचा अनुभव इतरांपेक्षा समाधानाचा होता आणि नोकरी ही त्यांना आपली साधना वाटण्याची शक्यताही जास्त होती. पण ते वापरता येणं एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसतं. चिकाटीनं एक काम तडीस नेणाऱ्याला दर तासाला नव्या कामावर पळवलं, किंवा शिकण्याची आवड असलेलीला वर्षानुवर्षं तेच रकाने भरायला बसवलं, तर तिथे माणसाला आपले गुण शोधण्याचं प्रशिक्षण देण्याआधी साहेबांनी कामाची वाटणी तपासावी.