शिळा पाव, तापलेला तवा आणि रक्तातली साखर

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक व्हिडिओ फिरतो आहे. ‘ब्रेड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी टोस्ट करा, शुगर वाढणारच नाही! डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत!’ मधुमेही काकांनी त्याखाली लगेच विचारलं, ‘म्हणजे रविवारी मिसळीबरोबर स्लाइस चालतील ना?’ पुण्यात हा प्रश्न किरकोळ नाही. मुंबईकर मिसळीबरोबर पाव मागतो. आपल्याकडे बेडेकरांपासून कितीतरी जुन्या ठिकाणी ताटलीशेजारी स्लाइसच येतात.

व्हिडिओ धादांत खोटा असता तर एका ओळीत निकाल लागला असता. पण त्याच्या मुळाशी असलेलं रसायनशास्त्र खरं आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या स्वयंपाकघरात त्याहून देखणं काही घडत नाही. खोटं आहे ते त्यातलं ‘वाढणारच नाही’.

आधी थोडा हिशोब. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटीची साखर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन स्लाइसमध्ये कर्बोदकं असतात २५ ते ३० ग्रॅम. रक्तात आहे त्याच्या पाच-सहा पट ग्लुकोज तास-दोन तासांत आतड्यातून आत येणार आणि तरीही पातळी फार हलू द्यायची नाही, हे काम इन्सुलिनच्या जोरावर यकृत आणि स्नायू पार पाडतात. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि साखर रक्तातच तुंबते.

‘मी कुठे जाडा आहे, मला काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक पुणेरी पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून सडपातळ दिसून आतून चरबी बाळगतो आणि तीच चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही.

आता कुठल्या पदार्थाने साखर किती झपाट्याने चढते ते पाहू. ते मोजायला टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स आणला. ५० ग्रॅम कर्बोदकं भरतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजायची आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ शुद्ध ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायचं. ग्लुकोज म्हणजे १००. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात मैद्याचा ब्रेड ७५ वर आहे आणि कणकेचा ७४ वर. छपाईची चूक नाही, फरक खरोखरच एका अंकाचा आहे. त्याच तक्त्यात ‘चपाती’ ५२ वर आणि ‘गव्हाची रोटी’ ६२ वर आहे. आता चपाती आणि रोटीत दहा अंकांचा फरक कसला? पीठ वेगळं, हात वेगळा, प्रयोगशाळा वेगळी. हे आकडे एवढेच पक्के समजायचे.

तरी ब्राऊन ब्रेडला नुसत्या रंगावर मिळालेला मान अनाठायी आहे, हे उघड आहे. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिला शब्द ‘मैदा’ असेल आणि शेवटी कुठेतरी १५० क्रमांकाचा रंग, म्हणजे कॅरॅमल असेल, तर तो सावळा मैदाच. खरोखर कणकेचा असला तरी कोंडा बारीक दळला गेल्यामुळे स्टार्च, म्हणजे ब्रेडमधली मुख्य कर्बोदकं, उघडाच पडलेला असतो. तंतू आणि जीवनसत्त्वं मिळतात, त्यासाठी जरूर घ्यावा. तो साखर आवरेल या भरवशावर दोन स्लाइस जास्त खाऊ नयेत. खपली गव्हाचा म्हणून दुप्पट किमतीला मिळतो त्यालाही हेच लागू. दळून, फुगवून, भाजून झाल्यावर खपलीचा पावही पावच.

ब्रेडचा तुकडा न गिळता मिनिटभर चावत राहा, गोड लागायला लागतो. शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी केला असेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) स्टार्चच्या साखळ्या तोडू लागतं, पुढे स्वादुपिंडातून आलेलं अमायलेज तेच काम मोठ्या प्रमाणावर करतं आणि हाती येते माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी. या जोड्या शेवटी फोडतात लहान आतड्याच्या अस्तरावरची विकरं. अनेकांच्या औषधात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असतं, ते याच विकरांना अडवतं. त्याने कर्बोदकं नाहीशी होत नाहीत, रक्तात पोहोचायला उशीर होतो. उरलेली मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतात, त्याबद्दल ती गोळी घेणाऱ्यांना निराळं सांगायला नको.

आता माझ्या आवडीचा भाग. गव्हाच्या दाण्यात स्टार्च सूक्ष्म कणांमध्ये ठासून भरलेला असतो. त्यात दोन प्रकारचे रेणू. साधारण पाव हिस्सा अमायलोज, म्हणजे ग्लुकोजची लांब, जवळजवळ सरळ दोरी; आणि पाऊण हिस्सा अमायलोपेक्टिन, म्हणजे फांद्यांना फांद्या फुटलेलं झुडूप. कच्च्या कणात या फांद्या शिस्तीत स्फटिकांसारख्या रचलेल्या असतात, त्यामुळे अमायलेजला आत शिरायला वेळ लागतो. कणकेत पाणी आहे आणि तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की कण पाणी पिऊन फुगतात, स्फटिकांची शिस्त मोडते. भट्टीतून निघणाऱ्या पावाच्या मध्यभागी ९५ अंशांच्या जवळपास तापमान असतं, म्हणजे शिस्त पूर्ण मोडलेली. वर यीस्टने पाडलेली असंख्य भोकं. अमायलेजला यापेक्षा मोकळं रान कुठे मिळणार! पास्ताही गव्हाचाच, पण तो दाबून घट्ट केलेला असतो, म्हणून त्याचा इंडेक्स पन्नाशीच्या घरात राहतो.

पण पाव निवायला लागला की गोष्ट उलट फिरते. अमायलोजच्या दोऱ्या जोडीजोडीने एकमेकींभोवती वळतात, त्या जोड्या शेजारी शेजारी रचल्या जाऊन पुन्हा स्फटिक तयार होतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. अमायलोजचं हे काम काही तासांत उरकतं. भट्टीतून काढलेला गरम ब्रेड नीट कापता येत नाही आणि निवल्यावर येतो, तो यामुळेच. अमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्यांना मात्र दिवस लागतात. त्या जसजशा जुळतात तसतसा पाव वातड होतो.

शिळा पाव म्हणजे वाळलेला पाव, असा समज आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ सालीच दाखवून दिलं, की पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो, आणि तापवला की पुन्हा मऊ होतो. पुढे डच संशोधक काट्झ यांनी क्ष-किरणांखाली शिळ्या पावातले स्फटिक पाहिले. पावभाजीच्या गाडीवर रोज हेच घडतं. कालची लादी हाताला कडक लागते. कापून, लोणी सोडून तव्यावर दाबली की मिनिटभरात लुसलुशीत. अमायलोपेक्टिनचे स्फटिक ५०-६० अंशांनाच वितळतात. अमायलोजचे वितळायला मात्र १२० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि तव्याचा पत्रा कितीही तापला तरी पावाच्या ओलसर गाभ्यात तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणजे मऊ झालेल्या पावातही अमायलोजचे स्फटिक शाबूत असतात.

हे स्फटिक इतके घट्ट असतात, की अमायलेजला त्यांत धरायला जागाच मिळत नाही. असा न पचलेला स्टार्च थेट मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात. त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. स्टार्चची झटकन पचणारा, सावकाश पचणारा आणि न पचणारा अशी वर्गवारी केंब्रिजच्या हान्स इंग्लिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली.

मग थंडीचं काय? स्फटिकाचं बीज पडायला थंडी हवी, पण रेणूंना सरकायला न गोठलेलं पाणीही हवं. दोन्ही अटी सर्वात छान जुळतात त्या ४ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रीजच्या साध्या कप्प्यात. पाव सर्वात लवकर शिळा होतो तोही तिथेच. फ्रीजरमध्ये पाणी गोठतं आणि रेणू जागच्या जागी थांबतात. जे काही घडतं ते घरगुती फ्रीजरमध्ये पाव हळूहळू गोठताना आणि बाहेर काढल्यावर हळूहळू उतरताना, म्हणजे या पट्ट्यातून जाता-येताना.

व्हिडिओ ज्याच्या जिवावर चालला आहे तो प्रयोग ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठातला, २००८ सालचा. दहा निरोगी माणसं. घरी केलेल्या ताज्या ब्रेडचं आलेखाखालचं क्षेत्रफळ २५९ आलं. गोठवून, उतरवून, टोस्ट केल्यावर १५७. घसघशीत घट आहे, नाही कशाला म्हणा! पण त्याच प्रयोगात दुकानातला ब्रेडही होता. तो ताजा असताना २५३, नुसता टोस्ट करून १८३, आणि गोठवून मग टोस्ट करून १८७. म्हणजे विकतच्या ब्रेडच्या बाबतीत फ्रीजरने काहीच भर घातली नाही, काम केलं ते टोस्टरने. यात नवल नाही. पुड्यातला ब्रेड कारखान्यात निवतानाच त्याच्या अमायलोजचं काम उरकलेलं असतं. आणि अमायलोपेक्टिनने फ्रीजरमुळे जे कमावलं ते टोस्टर घालवून बसतो. शिवाय साखर ‘वाढली नाही’ असं कुणाच्याही बाबतीत झालेलं नाही, कमी वाढली. आणि त्या दहांत मधुमेही कुणी नव्हतं.

पण कारल्याचा रस पिऊन पावभाजीवर ताव मारणाऱ्यांपेक्षा हे व्हिडिओवाले परवडले. कडू गोडाला मारतं, हा तर्क जिभेपुरता ठीक आहे. स्वादुपिंडाला चव कळत नाही.

काकांच्या मिसळीसाठी फ्रीजरपेक्षा उपयोगी पडेल असा प्रयोग दुसराच आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ मधुमेहींना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी. एकदा चिकन-भाज्या आधी आणि पंधरा मिनिटांनी ब्रेड. दुसऱ्या क्रमात तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा मटकीची उसळ आधी, कांदा-कोशिंबीर तिच्याबरोबर, आणि शेवटी एक स्लाइस. हो, एकच. आणि दोष एकट्या ब्रेडच्या माथी मारण्याआधी पुणेरी मिसळीच्या तळाशी चमचा घालून बघा. तिथे पोहे असतात, बटाट्याची भाजी असते, वर शेव-चिवडा. स्लाइस परत करून पोहे संपवणारे मी पाहिले आहेत. तर्रीचं तेल पोट सावकाश रिकामं होऊ देतं, त्यामुळे साखरेचं शिखरही पुढे सरकतं. दोन तासांच्या रीडिंगवर खूश होऊन घरी आलेल्याची साखर तिसऱ्या तासालाही चढलेली असू शकते.

चहाबरोबरच्या पुड्यातल्या कडक टोस्टबद्दलही (रस्क) सांगायला हवं. ‘हलका असतो’ म्हणून तो आजाऱ्यालाही देतात. हा टोस्ट म्हणजे पाणी काढून टाकलेला ब्रेड. ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, टोस्टमध्ये ती सत्तरच्या घरात जातात, वर साखर घातलेली असते ती निराळीच.

हे वाचून उद्यापासून ब्रेड-पोळी सगळं बंद, असं ठरवणाऱ्यांनी आधी आपली औषधं पाहावीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर खाली कोसळू शकते. घाम, थरथर, गोंधळ. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा. आणि त्या जोडीला व्होग्लिबोज किंवा अकार्बोजही चालू असेल, तर अशा वेळी साखर किंवा खडीसाखर तोंडात टाकून भागत नाही, कारण साखर फोडणारं विकरही तेच औषध अडवून बसलेलं असतं. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवावी. ग्लुकोज फोडावं लागत नाही, सरळ रक्तात जातं.